दात शाबूत, हाड गेलं

आईचा पहिला दात भाकरीच्या घासात आला. खालचा, पुढचा. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या आमच्या खोलीत ती ओट्याशी पाट घेऊन जेवायला बसली होती. मध्येच थांबली, बोटांनी दात बाहेर काढला, पदराला पुसला आणि मला दाखवला. "आला बघ हातात," एवढंच म्हणाली. दुखलं काहीच नव्हतं. मी तेव्हा दहावीत होते. तो दात मी तळहातावर घेऊन किती तरी वेळ बघत राहिले. कुठे कीड नाही, खड्डा नाही, टवका उडालेला नाही. मुळासकट अख्खा दात, नुसता जागा सोडून आलेला. पुढच्या दहा-बारा वर्षांत बाकीचेही असेच गेले. पन्नाशीला पोचली तेव्हा तिच्या तोंडात चार दात उरले होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात याचं एकच उत्तर होतं: वय झालं.

वय झालेलं नव्हतं. चाळिशीच्या बाईचं कसलं वय?

आज मी त्याच कोपरखैरण्यात बावीस वर्षं हिरड्यांचे उपचार करते आहे. आईला तेव्हा जे कुणी सांगितलं नाही ते मी रोज खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगते: तुमचा दात खराब नाही, दाताखालचं हाड गेलं आहे. आणि ते हाड जंतूंनी खाल्लेलं नाही. तुमच्याच शरीरातल्या पेशींनी ते विरघळवलं आहे. यावर समोरचा माणूस आधी गप्प होतो, मग विचारतो, "म्हणजे माझंच शरीर माझ्यावर उलटलं?" हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या दवाखान्यांतून, विम्याच्या कागदांतून आणि घराघरांतून अजून नीट पोचलेलं नाही म्हणून हा लेख.

लोक याला पायोरिया म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण एकच वाट चालून आलेले असतात. सुरुवातीला ब्रश करताना रक्त येतं. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं ब्रश कडक आहे, कुणी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतं. मग जिथून रक्त येतं तिथे ब्रश फिरवायचंच बंद होतं. वर्षं जातात. तोंडाला वास येतो, हिरडी खाली सरकते, दातांत फटी पडतात, आणि एक दिवस सफरचंद किंवा मक्याचं कणीस चावताना दात हलतो. तेव्हा येऊन म्हणतात, "ताई, तेवढा घट्ट करून द्या." हलायला लागलेल्या दाताचं निम्म्याहून अधिक हाड बहुतेक वेळा तोवर गेलेलं असतं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. शस्त्रक्रियेनं काही ठिकाणी थोडं परत आणता येतं, पण पूर्वीसारखं नाही.

हे हाड जातं कसं, हे मी माझ्या पेशंटना बाजाराच्या भाषेत सांगते. माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाड्यांच्या टोळीत होते. माझ्याकडे येणारी अर्धी माणसं त्याच बाजारातली किंवा त्यांची मुलं-सुना. टोळी म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागत नाही. गाडी लागली म्हणून टोळी गोणीला हात लावत नाही, मुकादमानं सांगावं लागतं.

हाडाचंही तसंच आहे. हाड म्हणजे एकदा ओतून झालेला सिमेंटचा खांब नव्हे. ते जिवंत असतं, रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. बांधणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. मोडणाऱ्या वेगळ्या, त्या ऑस्टिओक्लास्ट. ही मोडणारी पेशी मोठी असते, अनेक लहान पेशी एकत्र येऊन बनलेली. ती हाडाला घट्ट चिकटते, कडा बंद करून घेते आणि मधल्या जागेत आम्ल सोडते. त्या आम्लात हाडातला कॅल्शियमचा भाग विरघळतो. उरलेलं कोलॅजन ती एका विकरानं तोडते. दोन्ही टोळ्यांचं काम बरोबरीत चाललं की हाड जागच्या जागी राहतं.

मोडणारी टोळी स्वतःहून कामाला लागत नाही. तिला एक चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीचं शास्त्रातलं नाव रँक-लिगँड. ही चिठ्ठी हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाडात मुरून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी देतात, म्हणजे एरवी मोडण्याचा हुकूम बांधणाऱ्यांच्याच हातात असतो. ही चिठ्ठी मधल्यामध्ये काढून घेणारा एक रेणूही शरीरातच असतो, ऑस्टिओप्रोटेजेरिन. तो १९९७ मध्ये सापडला आणि मोडण्याचा हुकूम याच चिठ्ठीतून येतो हे त्याच्या पुढच्याच वर्षी कळलं. त्याचं आखूड नाव ओपीजी. आमच्याकडे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेलाही ओपीजीच म्हणतात, म्हणून पेशंटचा गोंधळ होतो. त्या एक्स-रेत दिसतं ते हाड टिकवणारा हा दुसरा ओपीजी. किती हाड राहणार हे चिठ्ठ्या किती आणि त्या अडवणारे किती, यावर ठरतं.

हिरडीत बिघाड होतो तो इथे. दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक खाच असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल. तिथे जंतूंचा चिकट थर बसतो. नीट काढला नाही तर तो खनिजं शोषून कठीण होतो, त्याला आपण कीट म्हणतो. शरीर या थराकडे दुर्लक्ष करत नाही. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सतत रक्तातून बाहेर येऊन त्या खाचेत भिंत करून उभ्या राहतात. ही रखवाली तुमच्या-माझ्या तोंडात आत्ताही चालू आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण थर हटतच नाही असं झालं की आतून जास्त कुमक येते. मॅक्रोफेज येतात, टी पेशी येतात, बी पेशी येतात. त्या एकमेकींना इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-१७, टीएनएफ अशा निरोपांनी हाका मारतात. त्या गर्दीत दोन गोष्टी घडतात. एक, न्यूट्रोफिलमधून सांडणारी विकरं दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे तोडतात. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्या टी आणि बी पेशीच चिठ्ठ्या वाटू लागतात, आणि बांधणाऱ्या पेशींनाही जास्त चिठ्ठ्या द्यायला लावतात. अडवणारा ओपीजी कमी पडतो. मोडणारी टोळी कामाला लागते आणि बांधणारी मागे पडते.

प्रतिकार करणाऱ्या पेशी आणि ही मोडणारी टोळी यांचं आणखी एक नातं आहे आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जंतू गिळणारी मॅक्रोफेज आणि हाड विरघळवणारी ऑस्टिओक्लास्ट या एकाच कुळातल्या पेशी आहेत. दोघी रक्तातल्या एकाच प्रकारच्या मूळ पेशीपासून होतात. कुठली चिठ्ठी हातात पडते त्यावर ती पेशी जंतूंमागे जाणार की हाडाला लागणार हे ठरतं. म्हणून प्रतिकारशक्ती एक खातं आणि हाडं दुसरं खातं, असं धरून चालणं हीच मुळात चूक होती. २००० सालापासून या जोडविषयाला ऑस्टिओइम्युनॉलॉजी असं नाव मिळालं आहे. पण खूण त्याआधी, १९७२ मध्येच मिळाली होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवल्या, दातावरच्या थरातल्या द्रव्यानं त्यांना डिवचलं, आणि त्या ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव हाडाच्या तुकड्यांवर घातला. हाड झिजू लागलं. हाड झिजवणारं द्रव्य पांढऱ्या पेशींनीच त्या द्रवात सोडलं होतं.

शरीर असं का करतं? मला ते उलटणं वाटत नाही, माघार वाटते. जंतूंचा थर मुळाकडे सरकत येतो, आणि जळजळ हाडापर्यंत पोचली तर हाडातच संसर्ग शिरण्याची भीती असते. म्हणून हाड मागे सरतं, मध्ये अंतर ठेवतं. काट्यानं पिकलेलं बोट शरीर काही दिवसांत निस्तरतं. इथे मात्र दात हा बाहेरच्या जगात उघडा असलेला आणि मुळानं आत रुतलेला अवयव आहे, आणि त्याच्यावरचा थर रोज नव्यानं बसतो. लढाई संपतच नाही. वीस-तीस वर्षं रोज अर्धं पाऊल मागे सरत गेल्यावर दाताला धरायला काही उरत नाही.

आता इथे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांशी थोडं बोलणार आहे. माझ्या आईला दुसरा दात पडल्यावर वडील एका दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला गेला, "दात घासत नाही का?" ती खाली मान घालून बसली. ती सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत होती, म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे दोन वेळा दात घासत होती. त्या दिवसानंतर ती कधीही दाताच्या डॉक्टरकडे गेली नाही. चार दात उरेपर्यंत नाही. शरमेनं माणूस दवाखाना टाळतो, हे मी घरात पाहिलं आहे.

आणि ती शरम शास्त्रालाही धरून नाही. १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत नॉर्वेच्या हॅराल्ड लो यांच्या गटानं ४८० मजूर पुरुषांची तोंडं तपासायला सुरुवात केली आणि पंधरा वर्षं तो गट ती तपासत राहिला. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दाताचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर भरपूर थर आणि कीट, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. कीट दात सोडवतं एवढंच खरं असतं तर सगळ्यांचे दात सारखेच जायला हवे होते. तसं झालं नाही. ८ टक्क्यांचं हाड झपाट्यानं गेलं. ८१ टक्क्यांचं हळूहळू गेलं. आणि ११ टक्के असे निघाले की हिरडी सुजलेली असूनही हाड जवळपास जागच्या जागी राहिलं. एकच मळा, एकच काम, तोंडाची तशीच अवस्था. वेगळं होतं ते प्रत्येकाचं शरीर, थराला त्यानं दिलेलं उत्तर. वसाहतीतल्या दोन जावा एका घरात, एका ताटात जेवतात. एकीचे दात साठीतही ऊस सोलतात आणि दुसरीचे चाळिशीत हलतात. दुसरीला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

याचा अर्थ घासायचं नाही, असा कुणी काढू नये. त्याच लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हाडाला धक्का लागण्याआधीची सूज अशी पूर्ण परतते. थर हे त्या सगळ्या कुमकेला बोलावणारं कारण आहे आणि ते कारण रोज काढून टाकणं हा आजही उपचारांचा पाया आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की जंतू हाक मारतात आणि शरीर ओ देतं, आणि नुकसान किती होणार ते बहुतांशी त्या ओ देण्यावर ठरतं. म्हणून ज्यांचं शरीर जोरात ओ देतं त्यांना आपण लवकर ओळखायला हवं.

शरीराच्या उत्तराचा किती मोठा वाटा आहे, हे एका दुर्मीळ जन्मजात आजारानं फार स्पष्ट दाखवलं. त्यात न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या बाहेर पडताच येत नाही. अशा मुलांच्या हिरड्या भयंकर सुजतात आणि कोवळ्या वयात दात जातात. रखवालदारच नाहीत म्हणून जंतूंनी धुमाकूळ घातला असणार, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत निकी मुत्सोपौलोस आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये दिसलं की या रुग्णांच्या हिरडीत इंटरल्यूकिन-१७ चा अतिरेक झालेला असतो. त्यांनी २०१७ मध्ये अशा एका तरुण रुग्णाला सोरायसिसवर वापरलं जाणारं, हा अतिरेक मुळाशीच रोखणारं औषध दिलं, आणि त्याच्या हिरड्यांची सूज ओसरली. हे औषध प्रतिजैविक नव्हतं, त्यानं निरोपांची साखळी तोडली होती. तुमच्या-माझ्या पायोरियावर हे औषध द्यायचं नसतं, हेही इथेच सांगून ठेवते.

आपल्याकडेही या प्रश्नावर काम झालं आहे आणि ते मुंबई-पुणे रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला झालं आहे, याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये इंटरल्यूकिन-३ या रेणूवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं की हा रेणू असेल तर रँक-लिगँडची चिठ्ठी मिळूनही मूळ पेशी ऑस्टिओक्लास्ट होत नाहीत, त्या मॅक्रोफेजच्या वाटेला वळतात. आणि एकदा वळल्या की परत फिरत नाहीत. वर ज्या कुळाबद्दल लिहिलं त्याच कुळातल्या वाटा बदलण्याची ही गोष्ट आहे. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, हिरडीचं औषध नव्हे. पण हाड वाचवायचं तर पेशींच्या बोलण्यात लक्ष घालावं लागेल, हे आपल्या पुण्यातूनही सांगितलं गेलं, हे मराठी माणसाला ठाऊक असावं.

चिठ्ठी अडवणारं औषध मात्र बाजारात आहे. डेनोसुमॅब नावाचं, ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन २०१० पासून वापरात आहे. ते रँक-लिगँडलाच पकडतं. तेही हिरड्यांसाठी नाही. उलट ते किंवा हाडं घट्ट करण्याच्या बिसफॉस्फोनेट गोळ्या घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून न येण्याचा धोका असतो, थोडा, पण असतो. तुमच्या आई-सासूबाईंना असं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी ते दाताच्या डॉक्टरांना सांगाच, आणि औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आता मधुमेह. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथेच आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, त्यातून होणारी द्रव्यं प्रतिकारपेशींना चिथावतात, चिठ्ठ्या वाढतात, भरून येणं मंदावतं. म्हणून साखर ताब्यात नसलेल्या माणसाचं हाड लवकर जातं. आणि हा रस्ता दुहेरी आहे. सुजलेल्या हिरड्यांमधून निघणारे तेच निरोप रक्तातून फिरतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरड्यांचा उपचार केला तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टक्केवारी, सरासरी ०.४ नं उतरते, असं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र बघून मांडलं आहे. ०.४ हा आकडा लहान दिसतो. पण गोळी वाढवूनही साखर हलत नाही असे पेशंट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना विचारा.

सगळ्या तोंडात हिरडी सुजलेल्या माणसाच्या खाचांच्या आतली जखम मोजली तर ती ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते. मधुमेही माणसाच्या नडगीवर एवढी जखम असती आणि तिच्यातून रोज सकाळी रक्त आणि पू आला असता, तर घरच्यांनी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. हिरडीची जखम दुखत नाही आणि दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहते. साखरेच्या डॉक्टरांकडे पाय तपासतात, डोळे तपासायला पाठवतात. तोंड उघडायला मात्र फारसं कुणी सांगत नाही. गेल्या महिन्यात एक मामा आले होते, बाजारातून निवृत्त झालेले. आठ वर्षांचा मधुमेह, फाईल जाडजूड. त्या फाईलमध्ये मूत्रपिंड होतं, हृदय होतं, डोळ्याचा पडदा होता. हिरडी एकाही पानावर नव्हती. त्यांच्या खाचा सात-सात मिलिमीटर खोल होत्या.

आणि तंबाखू. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, त्यातले बहुतेक चघळणारे किंवा लावणारे. चुना मळून गालात ठेवलेल्या चिमटीनं त्या जागेची हिरडी खाली उतरते आणि मूळ उघडं पडतं. बिडी-सिगारेटचा धोका आणखी फसवा आहे. तिच्यानं हिरडीतला रक्तपुरवठा आवळला जातो, त्यामुळे आत हाड जात असताना बाहेर रक्त कमी येतं. माणसाला वाटतं आपल्या हिरड्या उत्तम. धोक्याची एकच घंटा होती, तीही वाजत नाही. मिश्रीबद्दल मी माझ्या आईच्या वयाच्या सगळ्या बायकांना हात जोडून सांगते: ती भाजलेली तंबाखूच आहे. तिनं दात स्वच्छ होत नाहीत. सवय लागते म्हणून ती बरी वाटते. तोंडाचा कर्करोग तिच्यामुळे होतो. खारघरच्या कर्करोग केंद्राच्या ओपीडीत एक सकाळ बसून पाहिलं तरी कळेल की तंबाखूनं आपल्या माणसांचं काय केलं आहे.

मग करायचं काय? मला नवी यंत्रं नको आहेत, नवी योजनाही नको आहे. नवी मुंबई महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत जिथे साखर तपासली जाते तिथे त्याच कागदावर एक ओळ वाढवा: दात घासताना रक्त येतं का, दात हलतो का. हो असेल तर दाताच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. बाजार समितीच्या आवारात माथाड्यांसाठी आरोग्य शिबिरं होतात, तिथे रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची हिरड्यांसाठी ठेवा. दहा मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असलेली एक बोथट सळई आणि आरसा, एवढंच सामान लागतं. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या हार्बर मार्गाच्या छोट्याशा पट्ट्यात इतकी दंत महाविद्यालयं आहेत की महाराष्ट्रात क्वचितच कुठे असतील. तिथे शिकणाऱ्या मुलांना रुग्ण हवे असतात आणि उपचार खासगीपेक्षा खूप स्वस्त होतात. या दोन गरजांची गाठ घालून देणं महापालिकेला अवघड नाही.

विमा कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. अपघातात दात पडला तर बहुतेक पॉलिसी पैसे देतात, हिरडीच्या आजारानं बारा दात गेले तर देत नाहीत. मधुमेहाचा खर्च तुम्ही उचलता, आणि तो मधुमेह आवरायला मदत करणारी हिरड्यांची खोल सफाई सौंदर्योपचारासारखी बाजूला ठेवता. हे चुकीचं आहे.

आणि माझ्या सहकाऱ्यांना: "क्लीनिंग करून देतो" हे शब्द आपण बंद करू या. क्लीनिंग म्हटलं की माणसाला दिवाळीआधी गाडी धुतल्यासारखं वाटतं. प्रत्येक दाताभोवती सहा जागी खाच मोजा, आकडे कागदावर लिहून पेशंटच्या हातात द्या. रक्तदाबाचा आकडा माणसं लक्षात ठेवतात, हाही ठेवतील. चार मिलिमीटर म्हणजे काळजी, सहा म्हणजे धावपळ. यंत्रानं दात घासले की ढिले होतात ही भीतीही आपणच न बोलल्यामुळे टिकली आहे. कीट काढल्यावर जे ढिलं वाटतं ते आधीच ढिलं झालेलं असतं, कीट त्याला सिमेंटसारखं धरून होतं, आणि त्या सिमेंटखाली हाड जात होतं. हे दोन मिनिटांत सांगता येतं. आणि दात का हलतो ते सांगताना "घासत नाही का" हा प्रश्न पहिला नको. साखर, तंबाखू, घरात कुणाचे लवकर दात गेले का, हे आधी विचारा.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. माझ्याकडेच राहते, कवळी लावते. ऊस खात नाही, शेंगदाणे कुटून खाते. तिचा तो पहिला दात मी जपून ठेवलेला आहे, आणि नवीन पेशंटना दाखवते. कीड कुठे आहे सांगा, म्हणते. कुणालाच सापडत नाही.

उद्या सकाळी ब्रश झाल्यावर नळ सोडण्याआधी बेसिनमध्ये बघा. गुलाबी दिसलं तर ब्रश थांबवू नका, त्याच आठवड्यात हिरड्या दाखवून घ्या. मधुमेह असेल किंवा तंबाखू चालू असेल तर काहीही दिसलं नाही तरी दाखवून घ्या.